शहराचा नकाशा कोणाच्या मनातला?



मुंबईच्या कोट विभागात 'काळा घोडा' या नावाची एक जागा आहे. पुढे सातवा एडवर्ड म्हणून इंग्लंडच्या गादीवर आलेल्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा तेथे उभा होता. १९६५ साली तो तेथून हलविण्यात आला आणि कालांतराने भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवण्यात आला. २०१७ साली त्या परिसरात स्वार नसलेला एक नवा काळा घोडा बसविला गेला. मधली बावन्न वर्षे तेथे घोडाही नव्हता आणि राजाही नव्हता. तरीही टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' एवढे दोन शब्द पुरत असत. यात आणखीही एक गंमत आहे. पुतळा उभारला गेला तो राजपुत्राच्या गौरवासाठी. मुंबईकरांनी जागेला नाव दिले ते मात्र त्याच्या घोड्याचे. ज्याची आठवण राहावी म्हणून एवढा खर्च झाला, त्याला लोकांनी सरळ वगळले, आणि जे ओळखीचे वाटले तेवढे ठेवून घेतले.

नगररचनाकार शहर आखतात, अभियंते ते बांधतात. पण लोक शहरात वावरतात ते आपापल्या मनात तयार झालेल्या एका वेगळ्याच नकाशाच्या आधारे. हा नकाशा कसा बनतो, तो कोणाचा असतो, आणि तो पुसला जातो तेव्हा नेमके काय नाहीसे होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो मानसशास्त्राचा वाटेल आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु त्याच्या मुळाशी जमिनीच्या मालकीचा प्रश्न आहे, आणि म्हणून समाजवाद्यांनी तो केवळ वास्तुशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे बरोबर नाही.

केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाशास्त्रज्ञाने १९६० साली शहराच्या प्रतिमेविषयी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील रहिवाशांकडून त्याने आठवणीतून नकाशे काढून घेतले, घरापासून कामापर्यंतच्या रस्त्याचे वर्णन करवून घेतले आणि त्यांची छाननी केली. त्याला आढळले ते असे की, शहर संपूर्णपणे कोणीच लक्षात ठेवीत नाही. माणूस काही वाटा लक्षात ठेवतो. एक भाग संपून दुसरा लागतो त्या कडा लक्षात ठेवतो. आपापला स्वभाव असलेले विभाग, वाटा एकत्र येतात ते नाके आणि दुरून दिसणाऱ्या खुणा लक्षात ठेवतो. या पाच गोष्टींच्या जुळणीतून शहर मनात उभे राहते. बोस्टनकरांना त्यांच्या विधानभवनाचा सोनेरी घुमट आठवला, नदीचा काठ आठवला. जर्सी सिटीचे लोक मात्र अडखळले. पलीकडे क्षितिजावर न्यूयॉर्कच्या इमारती दिसतात, हीच अनेकांना आपल्या शहराची ठळक खूण वाटली. स्वतःच्या शहराची ओळख शेजारच्या शहराकडे बोट दाखवून द्यावी लागणे, ही दैन्याचीच एक अवस्था म्हटली पाहिजे.

पण लिंचने विचारले कोणाला? बोस्टनमध्ये तीसएक माणसे आणि उरलेल्या दोन शहरांत पंधरा-पंधरा. तीही बहुतेक व्यावसायिक आणि अधिकारी वर्गातील. ही मर्यादा त्याने स्वतःच नोंदविली आहे. पुढे १९७१ साली लॉस एंजेलिसच्या नियोजन खात्याने निरनिराळ्या वस्त्यांतील लोकांकडून असेच नकाशे काढून घेतले, तेव्हा जे दिसले ते विदारक होते. विद्यापीठाजवळच्या सुखवस्तू गोऱ्या वस्तीतील लोकांच्या नकाशात डोंगरापासून समुद्रापर्यंतचे सारे शहर होते. बॉइल हाइट्स या स्पॅनिश भाषिकांच्या गरीब वस्तीतील लोकांच्या नकाशात मोजके रस्ते, नगरपालिकेची इमारत आणि बसचा तळ एवढेच होते. शहर एकच, पण ज्याच्याकडे मोटार, फुरसत आणि सर्वत्र निर्धास्त जाण्याची मुभा, त्याच्या वाट्याला ते सगळे आले. दुसऱ्याला त्यातला फक्त कामावर जाण्यायेण्यापुरता तुकडा मिळाला.

मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली होती. समूहाची स्मृती हवेत तरंगत नाही, ती जागांना धरून टिकते, असे त्याचे प्रतिपादन होते. हा समाजवादी विचारांचा माणूस १९४५ साली बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत मरण पावला. त्याचा सामूहिक स्मृतीवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९५० साली प्रसिद्ध झाला. लिंच विचारतो, माणसाला वाट कशी सापडते? हाल्बवाक्स विचारतो, माणसे 'आपण' कशी होतात? मुंबईच्या गिरणगावात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळतात.

१८५० च्या दशकात ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी निघाली, आणि पुढच्या शंभर वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्यांचे रान उठले. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार येथे उतरला तेव्हा त्याला नकाशा वाचता येत नव्हता. बहुतेकांना अक्षरेही वाचता येत नव्हती. तरी तो हरवला नाही. त्याच्या डोक्यावर चिमण्या होत्या. प्रत्येक गिरणीची चिमणी उंचीने, घेराने, तिच्यावर रंगवलेल्या नावाने निराळी ओळखू येई. लिंच ज्याला खूण म्हणतो ती याहून स्पष्ट असू शकत नाही. बोस्टनचा घुमट दिसायला सुंदर असेल, पण तो कोणाला रोज कामावर बोलावीत नव्हता.

लिंचने विचार केला तो प्रामुख्याने डोळ्यांचा. गिरणगाव कानांनीही ओळखले जात होते. पाळी सुरू होण्यापूर्वी भोंगा होई, आणि आवाजावरून भोंगा कोणत्या गिरणीचा हे चाळीतल्या पोरांनाही कळे. त्या भोंग्यावर चुली पेटत, डबे भरले जात, रातपाळीहून येणाऱ्यासाठी अंथरूण मोकळे होई. एका खोलीत दहा-पंधरा माणसे राहत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत, त्या खोलीचे वेळापत्रक भोंग्यानेच ठरत असे. वाळकेश्वरच्या बंगल्यात राहणाऱ्याच्या शहरात हा आवाज नव्हताच.

कामगाराच्या नकाशाचा आणखी एक विशेष लिंचच्या पाच गोष्टींत बसत नाही. कोकणातल्या अनेक गावांनी मुंबईत गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. त्या गावचा माणूस मुंबईत आला की त्याच खोलीवर उतरे, खानावळीत जेवे आणि खुंटीला पिशवी अडकवून कामाच्या शोधात निघे. त्यामुळे परळच्या एका चाळीत तळमजल्यावर एक गाव असे आणि दुसऱ्या मजल्यावर दुसरे. मुंबईच्या नकाशातच रत्नागिरीचा आणि साताऱ्याचा नकाशा घडी करून ठेवलेला होता. खानावळी चालवणाऱ्या बायकांना या दोन्ही नकाशांचे जेवढे ज्ञान होते तेवढे महानगरपालिकेच्या कोणत्याही खात्याला नसेल. कोणता माणूस कोठला, कोणत्या गिरणीत, कोणत्या पाळीत, पगार केव्हा, उधारी किती, हे त्यांना तोंडपाठ असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

नाके तर गिरणगावचे हृदयच होते. लालबागला 'भारतमाता' हे चित्रपटगृहाचे नाव सबंध नाक्याला मिळाले. परळचा दामोदर हॉल, नरे पार्क, कामगार मैदान, वरळीचे जांबोरी मैदान ही नुसती मोकळी जागा नव्हती. तेथे सभा झाल्या, शाहिरांचे पोवाडे झाले, संपाचे निर्णय झाले, भजने आणि दशावतारही झाले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील स्त्रीपुरुषांच्या तोंडून त्यांचा इतिहास टिपून घेतला आणि २००४ साली तो ग्रंथरूपाने आला. तो वाचताना असे जाणवते की, इतिहासाच्या पोटात सतत जागा येतात. माणसाला तारीख आठवत नाही, पण सभा कोणत्या मैदानात होती हे आठवते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याची कारणमीमांसा पुष्कळ झाली आहे. येथे ती पुन्हा करण्याचे कारण नाही. मुद्दा जमिनीचा आहे. गिरण्यांच्या ताब्यात मुंबईच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिच्या पुनर्विकासाची वाट मोकळी केली. पण त्यात ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महानगरपालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा तुकड्यातुकड्याने नव्हे तर एकत्र विचार करावा, असे सुचविले. तसे झाले असते तर गिरण्यांच्या भिंती पडून तेथून लोकांच्या वाटा निघाल्या असत्या. झाले ते उलटे. २००१ साली नियम बदलला गेला आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातील आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ साली हा बदल रोखला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो मान्य केला. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकरांचा हिशेब फिरला.

कामगार चळवळीने पगार, बोनस आणि बदली कामगारांचे प्रश्न प्राणपणाने लढविले. गिरणीच्या फाटकाआतल्या जमिनीवर मात्र तिची नजर फार उशिरा गेली. ती जमीन मालकाचीच, असे जणू गृहीत धरले गेले होते. मालकांची नजर मात्र त्या जमिनीवर फार आधीपासून होती.

चिमण्या पडल्या. एखादी राहिली ती खरेदीसंकुलाच्या आवारात, शोभेची वस्तू म्हणून. फिनिक्स गिरणीच्या आवारातील चिमणी अशीच उरली. खूण जागेवर आहे, पण तिने दाखवलेली वाट कामगाराची राहिलेली नाही. आत शिरताना रखवालदार अंगावरचे कपडे पाहतो. जुन्या गिरणीलाही भिंत होती आणि फाटक होते, हे खरे. पण त्या फाटकातून दिवसात तीन वेळा हजारो माणसे आत जात आणि बाहेर येत असत.

नकाशा कागदावर बदलणे सोपे असते. पायांखालचा बदलायला वेळ लागतो, आणि या दोहोंत अंतर पडले की माणसे मरतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्थानके जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मृत्युमुखी पडली. पाऊस आला म्हणून माणसे जिन्यावरच थांबली, मागून गाड्यांतून लोंढे उतरत राहिले, वगैरे तपशील तेव्हा सर्वांनी वाचले. मूळ कारण मात्र शहराच्या रूपात होते. गिरणी कामगार गिरणीच्या आसपास राहत असे आणि पायी कामाला जात असे. त्या भागातील अरुंद जिने, पूल आणि पदपथ हे त्या चालण्याच्या मापाचे होते. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, आणि त्यांत काम करणारी माणसे विरार, कल्याण, पनवेलहून गाडीने येऊ लागली. चटईक्षेत्र वाढविणाऱ्यांनी जिन्याची रुंदी पाहिली नाही. मोडक्या जिन्याची आणि गर्दीची तक्रार रोजचे प्रवासी करीतच होते. त्यांच्या मनातल्या नकाशात तो जिना 'धोक्याची जागा' म्हणून ठळक नोंदलेला होता. ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांच्या नकाशात त्याची नोंद नव्हती. अपघातानंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल बांधता आला, म्हणजे पूल बांधणे अशक्य नव्हते.

त्यानंतर २०१८ साली त्या स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. नाव चांगलेच आहे. पण नावांचा प्रश्न आला की सरकार नेहमीच तत्पर का असते, याचा विचार व्हायला हवा. नाव बदलायला जमीन द्यावी लागत नाही, जिना रुंद करावा लागत नाही. मुंबईच्या लोकांनी स्वतः ठेवलेली नावे पाहावीत: चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी, ताडदेव. झाडे कधीच गेली, नावे उरली. रस्ते सात म्हणून सात रस्ता. ग्रँट रोडच्या बाजूला नाटकगृहे होती, इंग्रजीत 'प्ले हाउस'. लोकांनी त्याचे पिला हाउस करून टाकले. याउलट डिलाईल रोडला ना. म. जोशी यांचे नाव दिले गेले. कामगार चळवळीच्या आद्य पुरुषांपैकी ते एक, १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे. तरीही कामगारांच्या तोंडून डिलाईल रोड गेला नाही. हे समाजवाद्यांनाही नम्रपणे मान्य करावे लागेल. हुतात्मा चौक हे नाव मात्र मराठी माणसाच्या तोंडी बसले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, आणि मशाल धरलेले शेतकरी-कामगार त्या जागी उभे राहिले. ते नाव फलकावर चढण्यापूर्वीच लोकांच्या मनात लिहिले गेले होते.

आता नावे ठेवणारी एक तिसरी शक्ती आली आहे. लोअर परळातले मनोरे विकताना जाहिरातदारांना 'लोअर' हा शब्द अडचणीचा वाटला आणि 'अप्पर वरळी' नावाचा एक विभाग कागदावर जन्माला आला. ही नुसती थट्टेची बाब नाही. घर घेणाऱ्याला वाटले पाहिजे की येथे पूर्वी काहीच नव्हते. तरच ती भिंत आणि तो रखवालदार स्वाभाविक वाटतात.

उड्डाणपुलांनी हेच काम सिमेंटने केले. २००२ साली महंमद अली रस्त्यावर पूल झाला, २०११ साली लालबागवर झाला. वरून जाणाऱ्या मोटारवाल्याच्या मनातून लालबागचा नाका गेलाच. त्याला दिसतात चौथ्या मजल्याच्या खिडक्या. खाली राहणाऱ्याला दिसतो पुलाचा खांब. २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ चा किनारी रस्ता हे तर शहराला वळसा घालूनच जातात. अमेरिकेतल्या त्या नकाशांसारखे दोन नकाशे आता मुंबईतही सार्वजनिक खर्चाने आखले जात आहेत, एक वरचा आणि एक खालचा.

मग लोकांचे हे ज्ञान उपयोगात आणता येते का? त्याचे एक उदाहरण याच शहरात घडले. मुंबईच्या नव्या विकास आराखड्यासाठी सध्याच्या जमीनवापराचे नकाशे प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांत असंख्य चुका निघाल्या. त्या काढल्या कोणी? त्या त्या विभागात राहणाऱ्या नागरिकांनी आणि त्यांच्या संघटनांनी. येथे शाळा आहे, ती तुम्ही दाखवली नाही; हा रस्ता तुम्ही उभ्या इमारतीवरून नेला आहे; असे त्यांनी एकेक दाखवून दिले. अखेर एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करण्याचा आदेश द्यावा लागला, आणि सुधारलेला आराखडा २०१८ साली मंजूर झाला. सूचना आणि हरकतींची तरतूद १९६६ च्या नगररचना कायद्यात आहेच. पण ती सुनावणी आराखडा झाल्यानंतर होते. प्रत्येक प्रभागात आधी रहिवाशांकडून नकाशा काढून घ्यावा, मराठीत आणि ज्या ज्या भाषा तेथे बोलल्या जातात त्या भाषांत, बायकांकडून वेगळा आणि फेरीवाल्यांकडून वेगळा, आणि मग तज्ज्ञांनी पेन्सिल हाती घ्यावी, ही मागणी काही अवास्तव नाही. परळच्या टाटा आणि केईएम रुग्णालयांबाहेर पदपथावर रात्र काढणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांनी नकाशा काढला तर त्यात पाण्याचा नळ आणि शौचालय या दोनच खुणा ठळक असतील. तो नकाशाही नगररचनेच्या कचेरीत पोचला पाहिजे.

जुन्या रूपाचा हा आग्रह म्हणजे चाळींचे गोडवे नव्हेत. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत आणि मजल्याच्या टोकाच्या सामायिक संडासात ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना गॅलरीतल्या शेजारधर्मावर व्याख्यान ऐकवू नये. विशेषतः स्त्रियांना तर नाहीच. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि त्यांचा आनंद पूर्णपणे रास्त होता. त्यांना घर मिळाले ते त्याच जागी, त्याच नाक्यावर, जांबोरी मैदानाच्या शेजारी, हे या ठिकाणी महत्त्वाचे आहे.

गिरणी कामगारांच्या वाट्याला हे आलेले नाही. घरासाठी अर्ज केलेल्या कामगारांची आणि वारसांची संख्या दीड लाखाहून अधिक आहे आणि प्रत्यक्ष मिळालेली घरे त्याच्या छोट्या अंशाइतकी आहेत. बाकीच्यांसाठी शासनाने शेलू आणि वांगणी येथील घरे पुढे केली. ही गावे मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पलीकडे, नेरळच्या अलीकडे आहेत. तेथील जमिनीबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण संपापूर्वी ज्याने पंचवीस वर्षे साचा चालवला, त्याचे वय आज ऐंशीच्या घरात आहे. औषधासाठी त्याला केईएम माहीत आहे, मयताला कोणाला बोलवायचे ते माहीत आहे, कोणत्या गल्लीत गावची माणसे भेटतील ते माहीत आहे. त्याचे सारे शहर दोन मैलांत आहे. ९ जुलै २०२५ रोजी हे कामगार आणि त्यांची मुले आझाद मैदानात जमली तेव्हा त्यांची मागणी साधी होती: शेलू-वांगणीचा पर्याय रद्द करा, घर मुंबईतच द्या.